निरीक्षकाचा रकाना

नोकरीत मी हजारो इंग्रजी पत्रं टाइप केली असतील. त्यांतलं एकच मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, कारण ते एका ओळीचं होतं. ‘आमच्या दप्तरातील नोंदी पाठवल्या होत्या तशाच आहेत.’ त्या ओळीत व्याकरणाची चूक नव्हती. खोटं म्हणून बोट ठेवावं असंही काही नव्हतं. पण तिनं एका माणसाचे दोन हिवाळे दुसऱ्या माणसाच्या नावावर कायमचे चढवले.

मी पनवेल-उरण पट्ट्यातल्या मिठागराच्या गावचा. बाबा मिठागरावर कामाला होते. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, पण मार्क बेताचे आणि इंग्रजी त्याहून बेताचं. दोन वर्षं बंदराजवळच्या एका गोदामात कंटेनरचे नंबर लिहून घेतले. मग कुणीतरी सांगितलं, नवीन पनवेलला एक छोटं संशोधन केंद्र आहे, तिथं नोंदी सांभाळायला माणूस हवाय.

केंद्र म्हणजे एका बँकेच्या वरचे दोन मजले. आठ-नऊ देश मिळून दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात बर्फ किती जाड होतो, कधी धरतो, कधी फुटतो याचा अभ्यास करत. त्यातला आपल्या देशाचा वाटा आमच्या केंद्राकडे होता. मी गावात हे सांगितलं तेव्हा बाबांचा मासळीच्या धंद्यातला एक दोस्त म्हणाला, “पनवेलात बसून बरफ मोजतंस? मग मोऱ्याच्या धक्क्यावर ये ना. मावऱ्यावर टाकतात तो फुकट मोजून देतो.”

मुलाखतीत मला इंग्रजीत एक वाक्य धड जुळवता येईना. केंद्राचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, त्यांनी हात वर करून बाकीच्यांना थांबवलं. “मराठीत सांग. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा त्यातलं मीठ कुठं जातं?” मी म्हणालो, “बर्फात शिरत नाही सर, खालच्या पाण्यात मागं राहतं. आमच्याकडे ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ मागं राहतं. तिथं थंडी पाणी घेऊन जाते, एवढाच फरक.” सर हसले आणि शेजारच्यांना म्हणाले, “याला घ्या.”

सरांचे माझ्यावर उपकार आहेत हे लिहिताना आजही माझा हात अडखळत नाही. दोन वर्षं माझं प्रत्येक पत्र त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केलं आणि कधी कुणासमोर हसले नाहीत. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. माझ्यासारख्याला खुर्ची, टेबल आणि इंग्रजी या तिन्ही गोष्टी त्या एका माणसानं दिल्या.

कामाची रीत मला केंद्रातल्या जुन्या हेडक्लार्कनी शिकवली. बर्फावरून मोजणीचे आकडे यायचे, ते मी या देशांच्या संयुक्त कार्यक्रमाच्या छापील फॉर्मवर उतरवायचे आणि दर महिन्याला परदेशातल्या मुख्य कचेरीकडे पाठवायचे. फॉर्मवर खाली दोन रकाने होते, निरीक्षक आणि सादर करणार. मी विचारलं, नाव कुणाचं घालू? हेडक्लार्क म्हणाले, “लग्नपत्रिका बघितलीस ना कधी? खर्च धाकटा करतो, धावपळ मधला करतो, पण खाली ‘आपले नम्र’ म्हणून नाव थोरल्याचं. केंद्राबाहेर जाणारा कागद म्हणजे पत्रिका समज.”

मला ते पटकन समजलं. आमच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या काकाच्या नावानंही पत्रिका निघत आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मी दोन्ही रकान्यांत सरांचं नाव टाइप केलं. दर महिन्याला, दर फॉर्मवर. सरांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. ते फॉर्म त्यांच्यासमोर सहीला जायचे, ते सही करायचे. मला वाटायचं, मी आदब पाळतोय.

बर्फावर मोजणी करायला जायचे ते भाई. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातले कोकणी मुसलमान, केंद्रात सरांच्या बरोबरीनं लागलेले शास्त्रज्ञ. त्यांचे तिघे भाऊ आखातात होते. भाई म्हणायचे, “आमच्या घरात सगळे वाळवंटाकडे गेले. मीच एक उलट्या खोपडीचा, बर्फाकडे निघालो.” पहिल्या दिवसापासून ते मला ग्रॅज्युएट म्हणायचे. त्यात टिंगल होती, पण माया जास्त होती.

भाई दोनदा अख्खा हिवाळा तिकडे राहिले. बर्फाला भोक पाडायचं, पट्टी सोडायची, जाडी वाचायची, वहीत पेन्सिलीनं लिहायची. शाई गोठते म्हणून पेन्सिल. वह्या त्यांच्यासोबत परत येत, पण आकडे दर गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सॅटेलाइट फोनवरून येत. आवाज मध्येच तुटायचा. मी एकेक आकडा मोठ्यानं परत म्हणायचो आणि भाई तिकडून “हां, बराबर, पुढं चल” करायचे.

पहिल्या हिवाळ्यात, जुलैमध्ये, भाईंच्या अम्मी वारल्या. हिवाळ्यात तिथून जहाज निघत नाही, विमान उतरत नाही. तिकडच्या तुकडीच्या प्रमुखांमार्फत निरोप गेला. मी मय्यतीला गेलो होतो. पुढच्या गुरुवारी ठरल्या वेळी फोन वाजला. भाई म्हणाले, “आधी आकडे घे.” सगळे आकडे दिले, एकही चुकला नाही. मग विचारलं, “तू गेला होतास ना? कबरस्तानात पाणी साचलं नव्हतं ना रे?”

“नाही भाई. कोरडी जागा होती.”

“बस. मेहरबानी.”

त्या आठवड्याचे आकडे मी दुसऱ्या दिवशी फॉर्मवर चढवले. निरीक्षक म्हणून सरांचं नाव घातलं. तेव्हा माझ्या मनात काहीही आलं नाही.

काही वर्षं गेली. सुकापूरकडे शेतांतून इमारती उभ्या राहिल्या, हेडक्लार्क निवृत्त झाले, दप्तराची किल्ली माझ्याकडे आली. आणि मग परदेशातून कळलं की या सगळ्या कार्यक्रमाचे मुख्य नेते, युरोपातले एक वयस्कर शास्त्रज्ञ, पायउतार होत आहेत आणि नवा नेता नेमायचा आहे. नेमणूक पाच वर्षांची. उमेदवार साठीच्या आतला हवा, आणि त्यानं दोन पूर्ण हिवाळे बर्फाची मोजणी स्वतः केलेली हवी. भाई तेव्हा सत्तावन्नचे होते. पुढच्या खेपेला ते वयात बसणार नव्हते. ही एकच संधी होती.

कँटीनमध्ये मिसळ खाताना त्यांनी मला सांगितलं, “अर्ज टाकलाय.”

“भाई, तुम्ही झालात तर आम्हाला विसराल.”

“अरे, मला साहेबी करायला नाही जायचंय. मोजणीच्या जागा कोण ठरवतं? नेता. आपली जागा लांब पडते म्हणून ते बंद करायला निघालेत. दोन हिवाळे मी तिथं बोटं सुन्न करून घेतली ती काय हौस म्हणून? ती जागा मला चालू ठेवायचीय.” मग पाव मोडत म्हणाले, “आणि खरं सांगू का, एकदा तरी लोकांनी म्हणावं, हे काम याचं.”

सरांनीही अर्ज केला होता. ते आम्हाला छाननीची यादी आली तेव्हा कळलं. सर एकदा उन्हाळ्यात तीन आठवडे तिकडे जाऊन आले होते. लाल जाकिटातला त्यांचा फोटो केबिनमध्ये होता. यादीत सरांच्या नावापुढं पात्र असं होतं. भाईंच्या नावापुढं अपात्र, आणि कारण असं की स्वतःच्या नावावर एकाही हिवाळ्याची मोजणी नाही. भाई तिथं राहिले होते हे नेता निवडणाऱ्या समितीला ठाऊक होतं. पण राहिलेले डॉक्टर, आचारी, मेकॅनिक असे पुष्कळ असतात. मोजणी कुणाची, हे फॉर्म सांगणार. समितीनं फॉर्म मोजले होते.

भाई दप्तरात आले. उभ्याउभ्याच म्हणाले, “ग्रॅज्युएट, माझ्या दोन्ही हिवाळ्यांचे फॉर्म काढ.”

मी काढले. ते एकेक पान उलटत गेले.

“हा जुलै माझा आहे.”

“हो भाई.”

“मग इथं सरांचं नाव कसं?”

“आपल्याकडे बाहेर जाणाऱ्या कागदावर सरांचंच...”

“सादर करणार, तिथं घाल ना. सतरांदा घाल. पण निरीक्षक? निरीक्षक म्हणजे ज्यानं डोळ्यांनी बघितलं तो. सरांनी पनवेलातून बघितलं?” मग स्वतःच हसले. “मोठी दूरची नजर आहे बुवा सरांची.”

मी त्यांना लग्नपत्रिकेचं सांगितलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, पत्रिकेत थोरल्याचं नाव घालतात, कबूल. पण नवऱ्यामुलाच्या जागी घालतात का?”

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि मला समजावल्यासारखं म्हणाले, “चूक झाली, दुरुस्त होईल. मी समितीला कळवतो. ते दप्तर सांभाळणाऱ्याला विचारतील, म्हणजे तुला. माझ्या पेन्सिलीच्या वह्या आहेत ना तुझ्याकडे?”

“आहेत. कपाटात.”

“मग झालं. जे आहे ते लिही.”

आठवड्याभरात समितीची मेल आली. दोन हिवाळ्यांच्या फॉर्मवर निरीक्षकाचं नाव बरोबर आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. एक प्रत सरांना होती. दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. चहा मागवला.

मी म्हणालो, “सर, ती चूक माझी आहे. मीच तसं टाइप करत गेलो.”

“चूक कसली त्यात? मोजणीचं वेळापत्रक कुणी आखलं? उपकरणं कुणी मिळवली? मंत्रालयात हेलपाटे कुणी घातले?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “हे बघ, काय लिहायचं ते मी तुला सांगणार नाही. दप्तर तू सांभाळतोस. तुझ्या दप्तरात जे आहे तेवढं लिही.” मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, “बाबांचे डोळे कसे आहेत आता?”

ते त्यांनी सहज विचारलं असेल. ते नेहमीच विचारायचे. त्या दिवशीही सहजच होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी गावी गेलो. बाबा ओट्यावर जाळ्याची गाठ मारत बसले होते. मी त्यांना सांगितलं, की सरांना मोठी जागा मिळतेय, आणि ऑफिसातला एक माणूस त्यात खोडा घालतोय, आणि माझ्या पत्रावर सगळं आहे. बाबा म्हणाले, “त्यांनी तुला खुर्चीवर बसवला ना?”

“हो.”

“मंग त्यांच्या खुर्चीखालची माती काडू नको.”

“आणि तो दुसरा माणूस?”

“त्याचा तो बगंल. आमी काय सगल्यांचा ठेका घेतलाय?”

बाबांना दोष देत नाही. मी त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती. अम्मींची सांगितली नाही, पेन्सिलीच्या वह्यांची नाही, कँटीनमधल्या त्या बोलण्याची तर नाहीच. मला हवा तो सल्ला मिळेल एवढीच सांगितली आणि मिळाल्यावर वडिलांचा शब्द म्हणून खिशात घालून पनवेलला आलो.

सोमवारी सकाळी मी उत्तर लिहायला बसलो. पाठीमागच्या कपाटात भाईंच्या वह्या होत्या. हात लांब केला असता तर कडी लागली असती. आधी मी लांबलचक मजकूर लिहिला, खोडला. मग ती ओळ सुचली. नोंदी पाठवल्या होत्या तशाच आहेत. खरंच होत्या. मी कुठल्या फॉर्मवर खाडाखोड केली नव्हती. भाईंचा हक्क नाकारला नाही आणि सरांचाही शब्द मोडला नाही, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या अडाणी आजोबांना खोटं बोलायचं असतं तर सरळ खोटं बोलावं लागलं असतं. मी शिकलेला होतो. मला खरं बोलून ते काम करता आलं.

सरांची निवड झाली. पेपरात फोटो आला, पनवेलच्या माणसाच्या हाती ध्रुवाची धुरा वगैरे. हॉल घेऊन सत्कार झाला. सरांच्या परिचयाचं भाषण मीच लिहून दिलं होतं आणि त्यात दोन हिवाळे हे शब्द होते. भाई आले. सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मुबारक सर.” सरांनी त्यांना मिठी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जिन्यात भाई मला भेटले. माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. त्यांनी एक पेढा उचलला आणि म्हणाले, “तू ‘मला माहीत नाही’ असं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. मग त्यांनी मला बोलावून विचारलं असतं.” एवढंच बोलले आणि खाली उतरले.

ही वाट मला सुचलीच नव्हती. की सुचली होती आणि मी तिकडे बघितलं नाही? खूप वर्षं मी याच एका प्रश्नात अडकून आहे.

ऑफिसात मग नेहमीची कुजबुज झाली. एक जण डबा खाताना म्हणाला, “भाईंना कोण करणार होतं नेता? नाव वाचलं की झालं. आपल्याकडे असंच चालतं.” दुसऱ्यानं मान हलवली. मीही हलवली. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहायलाच हवं, कारण त्या कारणात मी कुठंच नव्हतो. तसं आपल्याकडे चालतं हे खोटं नाही. भाईंनी ते आयुष्यभर सोसलं असेल. पण या वेळी तसं झालं नव्हतं. परदेशातल्या त्या समितीनं भाईंचं नाव वाचून बाजूला सारलं नाही. ज्या रकान्यात ते असायला हवं होतं, त्यात ते मी येऊच दिलं नव्हतं.

सर परदेशी गेले. वर्षाच्या आत त्यांच्या सहीचं परिपत्रक आलं, की यापुढं निरीक्षकाच्या रकान्यात बर्फावर हजर असलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं सही करावी, दुसऱ्या कुणाचंही नाव चालणार नाही. सगळ्या देशांनी या नियमाचं कौतुक केलं म्हणे. फलकावर ते मीच लावलं. भाई डबा घेऊन चालले होते, थांबले, चष्मा काढून वाचलं. “चांगला नियम आहे,” म्हणाले आणि जेवायला गेले. आमची मोजणीची जागा त्याच वर्षी बंद झाली. भाई पुढं निवृत्त झाले तेव्हा मी रजेवर होतो. रजा मीच टाकली होती.

मला हेडक्लार्कची जागा मिळाली. कुणी म्हणेल, त्याचंच बक्षीस. तसं नव्हतं. सेवाज्येष्ठतेनं मिळाली, भाई नेते झाले असते तरी मिळालीच असती. म्हणजे मी जे केलं ते कशासाठीही केलं नाही. उपकार फेडायचे म्हणून केलं, आणि फेड मात्र भाईंच्या खिशातून केली. आम्हाला घरात, शाळेत, सगळीकडे एकच शिकवलं होतं, की केलेले उपकार विसरू नये. भाईंनी माझ्यावर कधी उपकार केले नव्हते. फक्त विश्वास ठेवला होता, आणि त्याचं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हे वाक्य लिहिल्यावर कळतंय की यातही मी शिकवणाऱ्यांवर ढकलतोय.

सरांची पाच वर्षं संपली, ते मुलीकडे तिकडेच राहिले. तेव्हा कुठं मला धीर आला. यालाही धीर म्हणायचं का कोण जाणे. मी वह्यांची पानं स्कॅन केली आणि मुख्य कचेरीला नीट, सविस्तर पत्र लिहिलं. कुठल्या तारखेला कुणी मोजणी केली, फॉर्मवर चुकीचं नाव कुणी आणि का घातलं, पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी काय लपवलं, सगळं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपण वेळ काढून कळवलंत याबद्दल आभार. त्या काळातल्या नोंदींचा खंड छापून झाला असून त्यात बदल करता येणार नाही. आपलं पत्र फाइलला जोडलं आहे.

दोन्ही पत्रांच्या प्रती घेऊन मी सुकापूरला गेलो. भाई आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. चौथा मजला, लिफ्ट बंद होती. भाईंनीच दार उघडलं. केस पार पांढरे. त्यांनी मला आत घेतलं, पंखा लावला. मी कागद पुढं केले. त्यांनी माझं पत्र सावकाश वाचलं, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. तिकडचं उत्तर नुसतं वरवर पाहिलं.

“हे लिहायला किती वेळ लागला तुला?”

“एक सकाळ, भाई.”

“हं.” त्यांनी पत्राची कडा बोटानं सरळ केली. “इंग्रजी चांगलं झालंय तुझं.”

मी माफी मागायची म्हणून गेलो होतो. वाक्यं जुळवून नेली होती. त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. भाईंनी दोन्ही कागद घडी घालून माझ्याकडे परत दिले आणि खिडकीबाहेर नव्या इमारतीचा स्लॅब टाकत होते तिकडे बघत बसले. आतून सुनेनं विचारलं, “अब्बा, कोण आलंय?”

“ऑफिसचं कुणीतरी आहे. कागद दाखवायला आलेत. चहा टाक.”

चहा आला. नको म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी तो प्यायलो, कप ट्रेमध्ये ठेवला आणि निघालो.